सोडण्याचं खरं कारण

गुण्याच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. पत्र्याचं काम करणारं ते वर्कशॉप, तिथे अकरा पुरुष आणि ही एकटी बाई, आणि तरी जपून बोलायची वेळ पुरुषांवरच यायची. मोठ्या इमारतींत हवा खेळवायला पत्र्याचे जे बोगदे छतातून फिरवतात, ते तिथे बनत. कुठे चौकोनी, कुठे गोल, कुठे चौकोनाचा हळूहळू गोल होणारा तुकडा. सपाट पत्र्यावर रेघा आखून कुठे कापायचं आणि कुठे वाकवायचं ते सांगणं हे हिचं काम. कमरेला काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या कायम लटकवलेला, म्हणून नावच गुण्या पडलं. कोणी नुसत्या अंदाजाने पत्र्याला कातर लावली की ही टेबलापलीकडून ओरडायची, "दिसतंय काय, दिसतंय? डोळे ठेव घरी आणि मोज आधी!" सोळा वर्षं असं चाललं होतं. तिच्या हातून वाया गेलेला पत्रा शोधून सापडला नसता, आणि तिच्या तोंडून कौतुक ऐकलेला माणूसही सापडला नसता.

आता अशा बाईने गणिताच्या पदवीच्या भानगडीत कशाला पडावं? पण पडली होती. पाच वर्षं काम सांभाळून एकेक पेपर सोडवत सदतिसाव्या वर्षी ती शेवटच्या वर्षाला पोचली होती. राहिला होता एकच विषय, आणि तो निवडायचा होता. एकीकडे संख्याशास्त्र. सोपं, संध्याकाळच्या वर्गातलं, आजवर त्यात कोणी नापास झाल्याचं ऐकिवात नव्हतं. दुसरीकडे अ‍ॅनालिसिस, गणितातली प्रत्येक गोष्ट मुळापासून सिद्ध करायला लावणारा विषय. ते चाळणसर शिकवत. खरं नाव वेगळं, पण त्यांच्या वर्गात साठ जण बसायचे आणि परीक्षेला आठ उरायचे, म्हणून मुलांनी चाळण म्हणायला सुरुवात केली आणि ते चिकटलं. पदवी दोन्हीकडून सारखीच. ज्याचं डोकं ठिकाणावर आहे तो काय निवडेल ते सांगायला नको.

गुण्याला अ‍ॅनालिसिसच हवं होतं, आणि त्याचं कारण घरात होतं.

घरात म्हणजे ताई. दोन खोल्यांत दोघी बहिणी. ताई नऊ वर्षांनी मोठी, चष्म्याच्या दुकानात काउंटरवर. वडील आधीच गेलेले, आई गेली तेव्हा गुण्या अकरा वर्षांची आणि ताई कॉलेजात. गणितात हुशार, शाळेपासून पहिला नंबर, आणि नेमकी ह्याच चाळणसरांच्या वर्गात. आईला झटका आला आणि ताईला शिक्षण सोडावं लागलं. ही गोष्ट गुण्याने किती वेळा ऐकली होती, त्याची मोजदाद तिलाही जमली नसती. भाजी खारट झाली तरी ती गोष्ट निघायची, दिव्याचं बटण चालू राहिलं तरी निघायची. "तुझ्यामुळे सोडलं मी. नाहीतर आज कुठे असते!" हे म्हणताना ताई आवाजसुद्धा चढवत नसे. पाणी भरून ठेव म्हणावं, तशी म्हणायची.

तेव्हा तोच विषय घ्यायचा, पास व्हायचं, आणि निकालाचा कागद ताईच्या ताटाशेजारी नेऊन आपटायचा: हे घे तुझं, फिटलं! पाच वर्षं गुण्या ह्या एका विचारावर जगत होती. प्रेमाबिमाचा त्यात संबंध नव्हता.

सोमवारी चाळणसरांचा पहिला तास झाला. तो सगळ्यांना खुला असे. बारीक चणीचा, वाळका माणूस. पूर्ण तास त्यांनी एकच गोष्ट सिद्ध करण्यात घालवला: फळ्यावरच्या आडव्या रेघेच्या खालून निघालेली रेघ, हात न उचलता वर नेली, तर ती आडवी रेघ कुठेतरी ओलांडतेच. गुण्या मागच्या बाकावर बसली होती. तिला राहवलं नाही.

"सर, ह्यात सिद्ध काय करायचंय? दिसतंय की."

"दिसतंय?" सर वळले. "बाई, ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावर संख्याशास्त्र आहे. डोळे तिकडे घेऊन जा."

वर्ग फिदीफिदी हसला. गुण्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोळा वर्षं जे वाक्य ती दुसऱ्यांच्या अंगावर फेकत आली होती ते कोणीतरी तिच्याच अंगावर फेकलं होतं, आणि ते बरोबर होतं, हा आणखी मनस्ताप.

तास संपल्यावर सरांनी फॉर्म वाटले. त्यांच्या वर्गात नाव घालायची एक रीत होती, आणि ती दुसरीकडे कुठे नसेल. फॉर्मवर मार्क विचारलेले नव्हते. खाली एक मोठा चौकोन आणि त्यावर छापलेलं: 'हा विषय अर्धवट सोडून गेलेल्या एका व्यक्तीने सोडण्याचं खरं कारण येथे स्वतःच्या हाताने लिहून सही करावी.' मुदत शुक्रवार.

"पास झालेले सगळे थापा मारतात," सरांनी खुलासा केला. "मेहनत घेतली की जमतं म्हणे! काय होतं ते सोडून गेलेल्यांना माहीत असतं. त्यांना शोधा. त्यांच्या तोंडून ऐका. त्यानंतरही यावंसं वाटलं तर या, मी काही आमंत्रण देत नाही."

सोडून गेलेले गावभर पसरले होते. पण कबूल कोण करतो? वर्कशॉपचे चेक ज्याच्याकडे जात तो बँकेतला कॅशियर त्यांतला एक, हे गुण्याला ठाऊक होतं. मंगळवारी तिने काचेखालून फॉर्म सरकवला. त्याने इकडेतिकडे बघत 'प्रकृती अस्वास्थ्य' असं लिहिलं, सही ठोकली आणि म्हणाला, "इथे परत हा विषय काढू नका हं. माझ्या साहेबांना मी पास म्हणून सांगितलंय."

बुधवारी सरांनी तो वाचला आणि चौकोनावर लाल पेनने 'खोटं' लिहून परत केला. "हे गृहस्थ त्या महिन्यात कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात होते. उड्या मारत होते चांगल्या. दुसरा आणा." आणि कोरा फॉर्म तिच्यापुढे टाकला.

गुण्या चरफडत वर्कशॉपला गेली, तर तिथे मालक वाट बघत बसलेले.

"ऐकतोय ते खरं का? आठवड्यातून तीन दिवस साडेतीनला जाणार म्हणे तू?"

"वर्ग चारला आहे."

"वर्ग चारला आहे! आणि मिस्त्री महिनाअखेर घरी बसणार, आखणीचं टेबल तुझ्या हाती द्यायचं ठरवलेलं, त्याचं काय? साडेतीनला निघून जाणारा मुख्य माणूस मला चालायचा नाही. मग टेबल फुग्याला देईन."

फुगा म्हणजे गाल फुगवून बोलणारा एक कारागीर, ज्याचे काटकोन कधी काटकोनात नसत. त्याच्या हाताखाली काम करायचं, ह्या नुसत्या कल्पनेने गुण्याच्या तोंडाची चव गेली.

"सोपा विषय घे ना बये," मिस्त्री मधे पडले. "पदवी तीच, नोकरी तीच. एवढी खुमखुमी कशाची?"

"शुक्रवारी सांगते," एवढं बोलून तिने पत्र्यावर रेघ मारली, ती नेहमीपेक्षा खोल गेली.

राहता राहिली ताई. तिला विचारायचं म्हणजे तिच्यापुढे हात पसरायचा, आणि ते गुण्याच्या जिवावर आलं होतं. पण दुसरं कोणी नव्हतं. बुधवारी संध्याकाळी तिने फॉर्म पुढे केला. ताईने चष्मा वर सरकवून तो वाचला आणि हसली. ते हसू काही गोड नव्हतं.

"म्हणजे मी सोडलं म्हणून तुला प्रवेश मिळणार. वा! माझ्या आयुष्याची तेवढीच किंमत राहिली होती, ती पण घे वसूल करून."

"लिहिणार आहेस की नाही?"

"लिहिते की. जगजाहीर आहे, लाजायचं काय त्यात?" आणि तिने सुबक अक्षरात लिहिलं: 'आईचं आजारपण आणि लहान बहिणीची जबाबदारी.' सही केली, खाली रेघ ओढली. "त्यांना म्हणावं, वर्गात पहिली आली असती ती मुलगी."

गुरुवारी सकाळी सरांनी ते वाचलं. लाल पेन उचललं नाही. "सख्खी बहीण तुमची? बरं. आई केव्हा आजारी पडल्या?"

"जानेवारीत. नवीन वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात." ते गुण्या विसरणं शक्य नव्हतं. त्या दिवशी शाळेतून येऊन तिनेच दार उघडलं होतं.

सर उठले, कपाटातून एक जुनी हजेरीवही काढली आणि पानं उलटू लागले. तीस वर्षांच्या हजेऱ्या त्या माणसाने जपून ठेवल्या होत्या. असल्या माणसाला काय म्हणावं! मग बोट एका ओळीवर थांबलं.

"नऊ तास हजर. दहाव्या दिवशी चाचणी. चाचणीला हजर, उत्तरपत्रिका कोरी. त्यानंतर एकदाही आलेल्या नाहीत. तारीख बावीस ऑगस्ट." त्यांनी हजेरी तिच्याकडे फिरवली. "ऑगस्ट ते जानेवारी, किती महिने होतात ते तुम्हीच मोजा."

"माझी ताई खोटं बोलत नाही!" गुण्या एवढ्या मोठ्याने ओरडली की बाहेर शिपायाने आत डोकावलं. "कजाग आहे, टोचून बोलते, पण खोटं नाही बोलत!"

"मग तिलाच विचारा," सर म्हणाले आणि तिसरा कोरा फॉर्म काढून दिला.

त्या दिवशी गुण्याने कधी नव्हे तो एक तुकडा उलट्या बाजूने आखला. फुग्याने तो उचलून सगळ्यांना दाखवला. तिने त्याला एक शिवीही घातली नाही, तेव्हा अकराच्या अकरा जण जरा घाबरले.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ताई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. चप्पल न काढताच गुण्याने विचारलं, "बावीस ऑगस्टला काय झालं?"

ताईचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "कसला ऑगस्ट?"

"आई जानेवारीत पडली. तू ऑगस्टमध्ये वर्ग सोडलास. कोरा पेपर देऊन. मी हजेरी बघून आले."

"म्हणजे माझ्या पाठीमागे चौकशा करत फिरतेस तू? लाज वाटत नाही? तुला न्हाऊमाखू घालून वाढवलं, त्याचं हे फळ?"

"ते बोलू नकोस! ऑगस्टचं बोल!"

"नाही बोलत, जा!"

"सव्वीस वर्षं, ताई!" गुण्याचा आवाज फाटला. "सव्वीस वर्षं मी ह्या घरात चोरासारखी राहिले. शाळेची सहल आली की मी आपणहून नको म्हणायची. का? तर ताईने आधीच माझ्यासाठी फार सोडलंय. एकविसाव्या वर्षी पत्रा कापायला गेले, बोटं कापून घेतली, कोणाला सांगितलं नाही. तुझं एकेक बोलणं गिळलं, कारण मला वाटायचं, बोलू दे तिला, तिचं आयुष्य मी खाल्लंय. आणि तू तर आधीच उठून आली होतीस!"

ताईने हातातला परकर खाली टाकला. बसली.  मग बोलली ती भिंतीकडे बघून.

"पहिला प्रश्न वाचला. एक शब्द कळला नाही. शेजारची मुलगी भराभर लिहायला लागली. शाळेपासून मला न कळलेलं असं काही नव्हतंच, त्यामुळे न कळल्यावर काय करायचं असतं तेच मला माहीत नव्हतं. पेपर ठेवला आणि बाहेर आले. त्यानंतर चार महिने रोज डबा घेऊन निघायचे आणि वाचनालयात मासिकं चाळत बसायचे. आई विचारायची, कसं चाललंय? मी म्हणायचे, पहिली येईन. रात्री एकच विचार. निकाल लागेल तेव्हा काय सांगू?"

"आणि मग?"

"मग आई पडली. डॉक्टर म्हणाले, ह्या आता उठायच्या नाहीत. आणि माझ्या मनात पहिला विचार कुठला आला ऐकायचंय? ऐक. सुटले! आता कोणाला काही सांगायला नको. आई तिथे तोंड वाकडं होऊन पडलेली, आणि मला सुटले असं वाटलं." ताईचे डोळे कोरडे होते. "झालं तुझं समाधान?"

ह्यावर कोणी गळ्यात पडलं वगैरे नाही. गुण्याला दया आली नाही, तिला रागच आला, आणि तो पूर्वीपेक्षा मोठा होता.

"मग माझ्या माथी कशाला मारलंस?"

"तू समोर होतीस," ताई म्हणाली. "अकरा वर्षांची. काही विचारायची नाहीस. एकदा म्हटलं, तुला पटलं. मग म्हणतच गेले. पुढे पुढे मलाही तेच खरं वाटायला लागलं." आणि ती फणकारली, "पण वाढवलं मी तुला. लग्नाचं एक स्थळ आलेलं, नाही म्हटलं. ते तरी खरं आहे ना? की त्याचीही हजेरी आहे कोणाकडे?"

ते खरं होतं. गोवरात ह्याच बाईने तिला आठ दिवस मांडीवर घेतलं होतं. त्यामुळे तर बोलायची आणखीच पंचाईत. नुसती खोटारडी असती तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

गुण्याने फॉर्म टेबलावर ठेवला. "हे लिही."

"मी नाही लिहिणार. भलत्या माणसाच्या हातात माझी अब्रू द्यायला मला वेड नाही लागलेलं. तो सोपा विषय घे आणि गप बस."

"नको लिहूस. उद्यापर्यंत दुसरं कोणी सापडलं नाही तर माझं नाव लागणार नाही, न लागू दे. पण 'तुझ्यामुळे सोडलं' हे वाक्य आजपासून ह्या घरात निघणार नाही. निघालं तर मी सामान उचलेन."

 ताईने फॉर्म खसकन ओढला, पेन काढलं आणि उभ्यानेच लिहिलं. अक्षर अजिबात सुबक नव्हतं. लिहून तिने तो गुण्याच्या अंगावर फेकला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. कागदावर होतं: 'मला येत नव्हतं आणि हे कोणाला कळू नये असं वाटत होतं. घरात तेव्हा कोणीही आजारी नव्हतं.'

शुक्रवारी सकाळी सरांकडे जायला निघालेली गुण्या वाटेतल्या बाकावर पाऊण तास बसून होती. आता गंमत अशी, की तिच्याकडे विषय घ्यायचं कारणच उरलं नव्हतं. फेडायचं होतं ते देणं मुळात नव्हतं. निकाल कोणाच्या ताटाशेजारी आपटायचा? उलट सोपा विषय घेतला तर आखणीचं टेबल मिळत होतं, फुगा हाताखाली राहत होता, रात्री घरी येऊन पाय लांब करता येत होते. ही सगळी बेरीज तिने नीट केली. एकही गोष्ट चाळणसरांच्या बाजूला पडत नव्हती. फक्त एक होतं. ती खालून वर जाणारी रेघ सोमवारपासून तिच्या डोक्यातून गेली नव्हती. दिसत होतं, तर सिद्ध कशाला करायचं? आणि दिसत असूनही ते सिद्ध करायला त्या माणसाला एक तास का लागला? हे तिला कोणासाठी कळून घ्यायचं नव्हतं. तसं तिने आजवर काही केलंच नव्हतं, त्यामुळे ती चांगलीच भेदरली. आणि उठली.

सरांनी फॉर्म वाचला. दोनदा वाचला. काही न लिहिता फाइलमध्ये लावला.

"तीस वर्षांत असे सात आलेत," ते म्हणाले. "बाकी सगळे ताप, लग्न, घरची अडचण. तुम्ही का येताय?"

"कालपर्यंत एक कारण होतं. ते गेलं."

"मग?"

"तुमचं ते रेघेचं मला पटलेलं नाही."

"मग बसा. ज्यांना पटलंय ते पंधरा दिवसांत जातात." त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. "सोमवारी ही गणितं करून यायची. आणि साडेतीनला काम सोडून येणार आहात म्हणून सवलत मागायची नाही. मी देत नाही."

मालकांनी ऐकल्यावर दोन वाक्यांत विषय संपवला. टेबल फुग्याला मिळालं. फुग्याने गाल फुगवून सगळ्यांना चहा पाजला, गुण्यालाही, आणि तिने तो विषासारखा प्यायला.

ती घरी पोचली तेव्हा ताई जेवून उठली होती. पहिल्यांदाच, हिच्याशिवाय.

"दिलास?"

"दिला."

"वाचला त्यांनी?"

"वाचला."

 ताई ताठ झाली. "बरं झालं. आता माझंही ऐकून ठेव. आजपासून मी तुझ्यामुळे काही सोडलेलं नाही. तेव्हा तुला जमलं नाही, तर ताई टोचून बोलायची म्हणून जमलं नाही, ताईचं ओझं होतं म्हणून जमलं नाही, असं काही तोंडातून काढायचं नाही. मी तुझी कोणी लागत नाही त्यात. कळलं?"

"कळलं," गुण्या म्हणाली.

तिने ताट वाढून घेतलं नाही. कागद टेबलावर पसरला आणि पहिलं गणित वाचलं. तीन ओळींचं होतं. शब्द ओळखीचे होते, पण सगळे मिळून काय म्हणतायत ते कळेना. पुन्हा वाचलं. काही नाही. सवयीप्रमाणे ती चिडायला कोणीतरी शोधू लागली. मालक? त्यांनी काय केलं होतं? चाळणसर? त्यांनी तर येऊ नका म्हणूनच सांगितलं होतं. ताई? ती आत, दार लावून, आणि तिने आत्ताच स्वतःचं नाव काढून घेतलं होतं.

सदतीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या पुढ्यात असं काहीतरी होतं जे तिला येत नव्हतं, आणि ते कोणामुळेही नव्हतं. तिला रडू कोसळलं. मग तिने कागद जवळ ओढला, आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवून पुन्हा वाचायला लागली.